ब्रेकचा पाय

"बाबा, तिकडे ब्रेक नाहीये," रस्त्यावरची नजर न हलवता मुलगी म्हणाली.

गल्लीतून एक पाण्याचा टँकर तोंड बाहेर काढत होता. मुलीने गाडी केव्हाच हळू केली होती, पण शेजारी बसलेल्या मास्तरांचा उजवा पाय पायपुसण्यावर दणकन आपटला आणि त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. अर्ध्या वाटेत त्यांनी त्याचा खोकला करून टाकला.

"थंड हवा लागली," ते म्हणाले. काचा बंद होत्या.

मुलीने टँकरला वाट दिली आणि गाडी पुढे काढली.

मास्तरांनी सगळी हयात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात घालवली होती. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारा भलतंच काही करायला लागला की मास्तरांनी पाय दाबायचा. गावातली निम्मी माणसं या उजव्या पायामुळे जिवंत आहेत असं त्यांचं मत होतं. उरलेली निम्मी अजून गाडी शिकायची होती. आता हा पाय कुठेही ब्रेक मारी. टीव्हीवर पाठलाग सुरू झाला की सोफ्यासमोरची फरशी दाबली जाई. बायको होती तोवर झोपेत तिची नडगी.

दोन्ही गुडघे मात्र कामातून गेले होते. मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवलं होतं: मधली गादी झिजून संपलेली, हाडावर हाड घासतंय. गोळ्या, इंजेक्शनं, शेक, सगळं करून झालेलं. गुडघे बदलायचे, पण मास्तरांच्या हृदयाकडे बघता दोन्ही एकदम नकोत. "फोटोत दोघे सारखेच दिसतात," डॉक्टर म्हणाले होते, "जास्त छळतो कोण?"

"डावा," मास्तर म्हणाले होते. उत्तर पाठ करून आलेल्या पोरासारखे.

छळत होता उजवा. पण डाव्या पायाला मास्तरांच्या बाजूला कामच काय? डावा बदलला तर काही आठवड्यांत ते पुन्हा आपल्या सीटवर. उजवा बदलला तर कित्येक महिने जोरात ब्रेक दाबायचा नाही, आणि तोवर त्या सीटवर बसणार मुलगी. दुपारच्या शिकवण्या तीच घ्यायची. हल्ली शिकायला येणारे आधी विचारायचे, "ताई शिकवणार ना?" सीटवर बसलेला माणूस उठत नाही, हे मास्तरांना स्वतःवरून ठाऊक होतं.

हॉस्पिटलच्या खोलीत व्यायाम शिकवणारी बाई वॉकर घेऊन आली. उद्याच उभं करणार म्हणाली. नवा गुडघा सुरुवातीला दुखणार, तेव्हा भरवसा दुसऱ्या पायावर ठेवायचा.

"उजवा चांगला आहे ना, आजोबा?"

"उत्तम," मास्तर म्हणाले.

मग उजव्यावर भार टाकून दाखवा, ती म्हणाली. ही गोष्ट मास्तरांच्या हिशेबात कुठेच नव्हती. त्यांनी वॉकर असा धरला की उभे राहिले ते दोन्ही हातांवर. पाय नुसता सोबतीला होता. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. बाईने त्यांच्या वयाच्या मानाने कौतुक केलं आणि ती गेली.

पाठोपाठ एक तरुण डॉक्टर जाड मार्कर घेऊन आला. कुठला पाय, हे पेशंटने स्वतः सांगायचं असा तिथला नियम होता. मास्तरांनी सांगितलं. डाव्या मांडीवर ठसठशीत बाण उमटला, खाली टोक करून.

तो गेल्यावर खिडकीपाशी उभी असलेली मुलगी वळली.

"सकाळी कळ कुठल्या पायातून आली?"

"खोकला होता तो."

"बाबा, गाडीत तुमच्या शेजारी बसूनच मी शिकलेय. तुमचा पाय मला तोंडापेक्षा जास्त कळतो."

मास्तरांनी बाणावर चादर ओढली.

"उद्या त्याच पायावर उभे राहणार. तो वाकला की नवा गुडघा घेऊन आपटणार. मग दोन्ही गेले."

"मी पडत नाही."

"ती सीट मी कधी मागितली का तुमच्याकडे?"

"मागितली नाहीस तेच तर," मास्तर म्हणाले. "मागितली असतीस तर नाही म्हणालो असतो."

यावर मुलीला हसू यायला हवं होतं. आलं नाही. डॉक्टरांना मी काही सांगणार नाही, पाय तुमचा आहे, एवढं म्हणून तिने त्यांचा चष्मा रुमालात गुंडाळून ठेवला.

स्ट्रेचर आलं. छतावरचे दिवे एकामागून एक मागे जाऊ लागले. ऑपरेशन थिएटरच्या दारात मोठे डॉक्टर तोंडाला मास्क लावून उभे होते. त्यांनी नाव विचारलं, आणि शेवटचं म्हणून पाय विचारला. मुलगी दोन पावलं मागे थांबली होती. मास्तरांना ती चष्म्याविना धूसर दिसत होती. ती जमिनीकडे बघत होती की आपल्याकडे, तेही कळेना.

"आजोबा, कुठला पाय?"

"उजवा."

सगळे जागच्या जागी थांबले. डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. "बाण डाव्यावर आहे."

"बाण बरोबर आहे. काढणाऱ्याला मी खोटं सांगितलं." मास्तरांनी बोटाने उजवा गुडघा दाखवला. "उजवा ब्रेकचा आहे हो."

डॉक्टरांनी उजवा गुडघा हातात घेऊन हळूच वाकवला. मास्तर ओरडले. डावा वाकवला, तेव्हा नुसते कण्हले. मग डॉक्टर जे बोलले ते मास्तरांना आयुष्यात फक्त एकदा, ट्रॅफिक हवालदाराकडून, ऐकावं लागलं होतं.

स्ट्रेचर खोलीत परत. सगळं पुन्हा पहिल्यापासून: फोटो पुन्हा बघितले, सही पुन्हा, रक्तदाब वाढलेला म्हणून थोडं थांबणं. नर्सने डाव्या मांडीवरचा बाण स्पिरिटने घासला. कातडी लाल झाली, तरी एक निळसर सावली राहिलीच. उजव्यावर नवा बाण आला. गाडीत पुन्हा कधी बसता येईल असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की चालायला लावायचं वचन देतो, ब्रेकचं आज देत नाही.

दुपारी स्ट्रेचर पुन्हा त्याच दाराशी आलं. मास्तरांनी हात वर केला, तशी मुलगी जवळ आली, वाकली.

"सोमवारी सकाळी शिकवणीला ती दातांची डॉक्टरीण आहे," मास्तर म्हणाले. "मोठ्या चौकात आली की रडते. समजूत घालत बसू नकोस. रडू दे. तू दुसरीकडे बघायचं, म्हणजे तिला बरं वाटतं. रडते, पण गाडी बंद पडू देत नाही."

"बरं."

"आणि उतारावर 'सावकाश' म्हणू नकोस. त्या शब्दालाच घाबरते ती."

मुलीने मान डोलावली. मग जरा थांबून म्हणाली, "आणि घाबरून तिने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला तर?"

चादरीखाली मास्तरांचा उजवा पाय आपोआप दाबला गेला.

"मग तू आहेस ना," ते म्हणाले.

वॉर्डबॉयने पाठीने दार ढकललं आणि स्ट्रेचर आत ओढून घेतलं.