सातव्या गावाचा खोकला

हर्कमान सातव्या गावाशी आला की खोकायचा. तिसऱ्यांदा तसं झालं, तेव्हा वृंदाच्या मनात पाल चुकचुकली.

युट्रेख्टमधली तिची पीएचडी संपत आली होती. दीडशे वर्षांपूर्वी एका इंग्रज साहेबानं पूर्व नेपाळच्या एका खोऱ्यात तंबू ठोकून तिथल्या लोकांचं एक गाणं वहीत उतरवून घेतलं होतं. माणूस गेला की त्याच्या जिवाला पूर्वजांच्या मुलखापर्यंत पोचवणारं गाणं; एकेक गाव, एकेक खिंड नावानिशी. त्या क्रमावरून वृंदानं नकाशा काढला होता, हे लोक मुळात कुठून आले याचा. सगळा प्रबंध त्या नकाशावर उभा. वहीतलं गाणं चालीवर म्हणून दाखवायला त्याच खोऱ्यातला माणूस मिळाला, स्टेशनजवळच्या हॉटेलात मोमो वळणारा हर्कमान. पण दर वेळी तो सातव्या गावाशी खोकायचा, पाणी मागायचा आणि म्हणायचा, "पुढची चाल आठवत नाही, बहिनी."

त्यात गेल्या आठवड्यात तो तिला पुष्करबरोबर कॉफी पिताना दिसला. तिच्याच विभागातला पुष्करही याच वहीवर काम करत होता.

"विकलं असणार त्यानं गाणं," ती वडिलांना म्हणाली. नीळकंठबुवा महिनाभरासाठी लेकीकडे आले होते. चाळीस वर्षं कीर्तनात उभा राहिलेला माणूस. इथल्या सायकलींमधून रस्ता ओलांडतानाही ओठांवर नाम चालूच.

"मोमो वळणारा गाणं विकतो होय? किती प्लेट?"

"चेष्टा नका करू, बाबा. रविवारी येतोय तो. तुम्हीच बघा."

रविवारी वृंदानं फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला. हर्कमाननं गाणं धरलं. बुवा डोळे मिटून मांडीवर बोटांनी ठेका धरत होते. पाच, सहा. सातवं गाव आलं आणि खोकला आला.

वृंदानं वडिलांकडे पाहिलं. ते गालातल्या गालात हसत होते.

"हा खोकला ओळखीचा आहे गं. माझा तबलजी चुकला, की लोकांना कळू नये म्हणून मी अस्साच खोकतो. याला सगळं येतंय. चुकतोय तो तुझा साहेब."

हर्कमानला मराठी कळत नव्हतं. वृंदानं हिंदीत सरळच विचारलं, "वही चुकीची आहे?"

त्यानं आधी फोनकडे पाहिलं. बुवांनी फोन उचलला, बंद केला आणि खुशाल त्यावर बसले.

"चुकीची नाही, बहिनी, चुकवलेली. मयत नसताना हे गाणं शेवटपर्यंत म्हटलं, तर ऐकणाऱ्यांतला कुणाचा तरी जीव त्या वाटेला लागतो. साहेब तर रोज सकाळी म्हणायला लावायचा. मग आमच्या म्हाताऱ्यांनी सातव्यापुढची गावं उलटसुलट करून सांगितली. ती चालीत बसत नाहीत."

"आणि पुष्करला काय सांगितलंत?"

"तिथंही खोकलो."

बुवा खदखदून हसले. वृंदाला हसू येईना. तीन वर्षांची मेहनत होती ती.

"खरा क्रम सांगा. रेकॉर्ड नाही करणार."

"नाही. चुकीचं छापाल, म्हणून एवढं तरी सांगितलं."

तो गेल्यावर ती येरझाऱ्या घालू लागली. "हीसुद्धा थाप नसेल कशावरून? पुष्करला खरा क्रम दिला असेल, आणि मला ही गोष्ट!"

"असेलही. ज्यांनी साहेबाला गंडवलं, त्यांचाच खापरपणतू तो. पण गुरूनं माझ्या कानात दिलेला मंत्र मी कधी माइकवर म्हटलाय का? अगदीच कुणी खनपटीला बसलं, तर काहीतरी भलतंच ठोकून देतो मी."

"बाबा! तुम्ही?"

"देव माफ करतो."

वृंदानं लॅपटॉप उघडला. नकाशात सातव्या गावानंतरची रेघ चार मुक्काम मागं जाऊन पुन्हा पुढं येत होती. 'पुरामुळे घेतलेला वळसा' अशी तळटीप तिनंच ठोकून दिली होती. कुठला पूर, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिनं तळटीप पुसली, मग रेघही. खाली लिहिलं: 'यापुढचा क्रम गाणाऱ्यांनी मुद्दाम मोडला असावा. खरा क्रम मला माहीत नाही.' मार्गदर्शक बाईंना ईमेल लिहून झाला, तरी पुष्करच्या नकाशात काय असेल, हे डोक्यातून जाईना. दोनदा हात मागे घेतला, आणि मग पाठवून दिला.