ट्रिगरवरचं बोट

अबुधाबीतल्या एका शूटिंग क्लबात साधना बायकांना पिस्तूल चालवायला शिकवायची. पुण्यात एनसीसीत तिच्या हाती पहिल्यांदा बंदूक आली, पुढे ती राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत जाऊन आली आणि लग्नानंतर नवऱ्यामागोमाग इकडे आली. उल्हास दुबईत प्लॅनिंग इंजिनीअर होता. तो रोज चौघांच्या कारपूलने पहाटे निघायचा तो रात्रीच घरी उगवायचा. पण दोन हजार नऊ साल मंदी घेऊन आलं, त्याच्या टॉवरचं काम अर्ध्यावर थांबलं आणि कंपनीने त्याला बिनपगारी रजेवर घरी बसवलं. तेव्हापासून घरात टीव्हीवरच्या बातम्यांचा आवाज बारीक ठेवायचा असा अलिखित नियम झाला होता. लेक मिहिका नववीत होती. तिच्या वर्गात दर आठवड्याला कुणाचा तरी सेंड-ऑफ असायचा.

क्लबातही दोन प्रशिक्षकांची काँट्रॅक्टं पुढे वाढली नव्हती. त्यामुळे बायकांच्या विभागाच्या प्रमुख मोझा मॅडमनी साधनाला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा आता आपलीच पाळी, असं तिला वाटलं. मोझा मॅडम अबुधाबीच्याच. वर्दीतून निवृत्त झाल्या होत्या तरी बोलणं अजून वर्दीतलंच.

"बस," त्या म्हणाल्या. "आपली पिस्तुलं झिजलीत. नवी सहा घ्यायची आहेत. डीलरने दोन नमुने पाठवलेत."

टेबलावर दोन फुल-साइझ पिस्तुलं होती, एकाच कंपनीची, एकाच घडणीची. एक साधं, कारखान्यातून येतं तसं. दुसरं सुधारलेलं: मूठ जास्त खरबरीत, नेम धरायच्या साइट्स हव्या तशा सरकवता येणाऱ्या आणि ट्रिगर एकदम हलका, जरा दाबला की काम झालं.

"आठवडाभर चालवून बघ. तू म्हणशील ते घेऊ."

एरवी अशा विश्वासाने साधना फुलून आली असती. पण तिने उजवा हात हळूच मांडीवर ओढून घेतला, कारण गेल्या हिवाळ्यापासून तिच्या उजव्या हाताची तर्जनी बधिर होत चालली होती.

आधी वाटलं, झोपेत हात अवघडला असेल. मग एके दिवशी वरणात मीठ टाकताना चिमटीत किती आलंय तेच कळेना. वरण खारट झालं, आणि मिहिका म्हणाली, "आई, धिस इज सी वॉटर." सगळे हसले, साधनाही हसली. पण बोटाचं तिने कुणाला सांगितलं नाही. उल्हास आधीच अर्धा झाला होता. आणि पिस्तूल शिकवणाऱ्या बाईचं ट्रिगरवरचं बोटच गेलं म्हटल्यावर तिला कामावर कोण ठेवील?

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंज रिकामी असताना तिने नमुने काढले. सोबत अन्वर होता. तो हैदराबादचा, रेंजवरची सुरक्षा त्याच्याकडे. साध्या पिस्तुलाचा ट्रिगर जड. तो ओढताना बोटाला नाही तरी पंजाला आणि मनगटाला कळायचं की आता सुटणार. गोळ्या टार्गेटच्या मधोमध, एकमेकींना खेटून बसल्या. साधनाला हायसं वाटलं. मग तिने सुधारलेलं उचललं, हात सरळ केला, बोट ट्रिगरवर टेकवलं. अजून ती नेम जुळवतच होती, आणि बार झाला.

गोळी टार्गेटच्या वरून मागच्या वाळूच्या भिंतीत गेली. साधनाने पिस्तूल खाली ठेवलं, तेव्हा तिच्या कानामागून घामाची धार उतरत होती. बोट टेकलंय एवढंच तिला वाटत होतं, ते दाबत होतं हे तिला कळलंच नव्हतं.

अन्वर हळूच म्हणाला, "मॅडम, ये आपने नहीं चलाया. ये चल गया."

"नया है ना. हात बसायला वेळ लागेल," ती मराठी-हिंदीची खिचडी करत म्हणाली.

त्याने मान डोलावली. पण त्याची नजर पिस्तुलावर नव्हती, तिच्या हातावर होती.

अन्वर चहाला गेला तेव्हा तिने तेच पिस्तूल रिकामं करून डाव्या हातात घेतलं आणि ट्रिगर ओढून पाहिला. कुठे सैल आहे, कुठे अडतो, कुठे सुटतो, सगळं लख्ख कळलं. म्हणजे खोट पिस्तुलात नव्हती.

घरी जेवताना तिने नुसता पिस्तुलांचा विषय काढला. उल्हास म्हणाला, "फरक किती आहे किमतीत?"

"एकामागे हजार दिरहॅम. तेरा हजार रुपये धर."

"हल्ली कोण खर्च करतंय? साधंच सांग. बॉसलाही बरं वाटेल."

"जस्ट पिक द बेटर वन," मिहिका फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली.

'बेटर' कुठलं, हाच तर घोळ होता. नवशिक्या बाईच्या हाती हलका ट्रिगर देऊ नये, असं साधना कितीतरी वर्षं मानत आली होती. भीतीने बोट आवळतं, आणि नको तेव्हा गोळी सुटते. तेव्हा साधं पिस्तूलच बरोबर. पण साधं घेतलं तर तिचं बोटही झाकलं जात होतं. तिचं ज्ञान आणि तिचा स्वार्थ एकच उत्तर देत होते. आपण खरं बोलतोय की स्वतःला वाचवतोय, हे तिचं तिलाच सांगता येईना. दोन दिवस ती ह्या कुशीवरून त्या कुशीवर करत राहिली, आणि शेवटी भाजी आणायला जाते असं सांगून एका डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी बोटांना सुई टोचून पाहिली, मनगटावर टिचक्या मारल्या. मनगटात नस दबलीये, ते म्हणाले. छोटं ऑपरेशन, घाबरण्यासारखं काही नाही.

"बोट पहिल्यासारखं होईल?"

"इन्शाल्ला," डॉक्टर म्हणाले. इथे ह्या शब्दाचा अर्थ 'बघू, देवाची मर्जी' एवढाच; केरळच्या डॉक्टरांच्या तोंडून तो ऐकून तिचा उरलासुरला धीरही सुटला.

आठवडा संपला त्या सकाळी ती मोझा मॅडमच्या केबिनकडे निघाली. साधं घ्या, एवढंच बोलायचं, हे तिने मनाशी घोकून ठेवलं होतं. व्हरांड्यात अन्वर भेटला.

"मॅडम, उस दिन की बात..." तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "मैंने कुछ नहीं देखा. मेरे भी बच्चे हैं, मैं समझता हूँ."

त्याने हे तिच्या भल्यासाठीच म्हटलं होतं. पण घोकलेलं वाक्य साधनाच्या मनातून उतरलं. ज्याचं कामच बघणं, तो तिच्यासाठी न बघायला तयार झाला होता. उद्या तिच्या शेजारी एखादी पोरगी उभी असताना बार झाला, तर?

केबिनमध्ये ती बसलीच नाही. "मॅडम, पिस्तुलाआधी दुसरं सांगायचंय," ती म्हणाली आणि सगळं सांगून मोकळी झाली. बोट, मीठ, वाळूतली गोळी, डॉक्टर. अन्वरचं नाव तेवढं घेतलं नाही.

मोझा मॅडम ऐकत राहिल्या. "कधीपासून?"

"डिसेंबर."

"आणि तेव्हापासून तू माझ्या मुलींचे हात धरून शिकवतेस."

साधनाने मान खाली घातली.

"आजपासून फायरिंग लाइनवर जायचं नाही. खलास." मग त्या म्हणाल्या, "आता पिस्तुलाबद्दल तुझं मत मी कशाला विचारू?"

"माझं नका विचारू," साधना म्हणाली. "ज्यांच्यासाठी घ्यायचीत, त्यांना चालवू द्या. मी लांब बसते."

पुढच्या वर्गाला तसंच केलं. मोझा मॅडम स्वतः लाइनवर उभ्या राहिल्या, शेजारी अन्वर. साधना काचेमागे बसली. बोटाचं आता क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं, तरी प्रत्येक बाराला ती स्वतःचं बोट चाचपत होती. मुरलेल्या दोघींनी सुधारलेल्या पिस्तुलाने असा नेम साधला की मोझा मॅडमनी भुवया उंचावल्या. नवशिक्यांपैकीही बहुतेकींना तेच आवडलं. साधनाला वाटलं, आपण चुकलोच. इतकी वर्षं उगाच जड ट्रिगरचं कौतुक केलं. मग एक तरुण नर्स पुढे आली, चार वर्गच झालेली. तिने सुधारलेलं पिस्तूल उचललं, श्वास रोखला, आणि हात पुरता वर यायच्या आधीच गोळी सुटून समोरच्या जमिनीत घुसली. पोरगी किंचाळली. अन्वरने झटकन तिचं मनगट धरलं. कुणाला काही झालं नाही.

क्लबाने चार साधी घेतली आणि मुरलेल्यांसाठी दोन सुधारलेली.

ही चाचणी झाली त्याच संध्याकाळी तिने उल्हासला बोटाचं सांगितलं. तो भडकलाच. "मला का नाही बोललीस? मी काय फर्निचर आहे घरातलं?" मग बराच वेळ तिचा हात हातात घेऊन एकेक बोट दाबत बसला. "हे कळतंय? आणि हे?" मिहिका दारात उभी होती. "यू शुड हॅव टोल्ड अस, आई," ती म्हणाली आणि रडायला लागली.

ऑपरेशन मे महिन्यात झालं. मोझा मॅडमनी काँट्रॅक्ट वाढवलं, पण सहाच महिन्यांचं आणि फक्त वर्गात शिकवण्यापुरतं. लाइनवर दक्षिण आफ्रिकेची एक तरुण प्रशिक्षक आली. पहिल्या दिवशी काचेपलीकडे तिला बायकांचे खांदे सरळ करताना पाहून साधना बाथरूममध्ये जाऊन रडली होती. उल्हासची कंपनी जूनमध्ये बंद पडली. त्याला अबुधाबीतच एका ठेकेदाराकडे काम लागलं. पगार निम्मा, पण व्हिसा होता. ती रात्र तिघांनी समुद्रकाठी कॉर्निशवर शोरमा खाऊन साजरी केली.

बोटात जाणीव परतली, पण पुरती नाही. हिवाळ्यात काँट्रॅक्ट पुन्हा वाढवताना मोझा मॅडमनी विचारलं, "लाइनवर यायचंय का परत? डॉक्टरांचं पत्र आण, मग बघू."

साधनाने विचार करायला एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "वर्गच बरा आहे, मॅडम. इथे असले की रात्री झोप लागते."

मोझा मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि नव्या तुकडीचं वेळापत्रक तिच्यापुढे सरकवलं.