धुतलेला कचरा

साबणाच्या कारखान्यातून तपासनीस निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरचं स्वयंपाकघर तपासायला घेतलं. तीस वर्षं मालातली खोट काढण्यात गेलेली. जित्याची खोड ती, जाणार कुठे? बायकोचे, म्हणजे इमारतीतल्या सगळ्यांच्या काकूंचे, डबे चुकीच्या क्रमाने, फोडणी वेळेआधी, गॅस गरजेपेक्षा मोठा. महिनाभर काकूंनी दात-ओठ खात सोसलं.

म्हणून इमारतीने घरोघरचा ओला कचरा मागच्या अंगणात कुजवून खत करायचं ठरवलं, तेव्हा त्या कामासाठी काकूंनीच नवऱ्याचं नाव पुढे केलं. सकाळी सात ते अकरा नवरा खाली आणि स्वयंपाकघर त्यांचं एकटीचं. त्या चार तासांसाठी काकूंनी काय वाटेल ते केलं असतं.

पहिल्या दिवशी बायका बादल्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. तपासनीस एकेका बादलीत डोकावत होते. आपल्या घरचं चारचौघांत उघडं पडणार म्हणून काकूंनी कचरा चाळणीत घालून दोन पाण्यांतून काढला होता. सालं कशी लखलखत होती! तपासनिसांनी ती बादली उंच धरली.

"बघा, याला म्हणतात कचरा!"

काकूंना दिवसभर अन्न गेलं नाही, इतका आनंद झाला.

तीन आठवड्यांत अंगणात दुर्गंधी सुटली. ढिगाला ऊब यायची, मातीचा वास यायचा, ते राहिलं बाजूला. इमारतीच्या अध्यक्षांची खिडकी नेमकी त्यावरच उघडत होती.

"पंधरा दिवस देतो," ते नाक दाबून म्हणाले. "वास गेला नाही तर ढीग हलेल आणि इथे माझी गाडी उभी राहील."

त्या दिवशी तपासनीस नऊलाच वर आले आणि स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसले.

"आत हवाच जात नाही गं, नुसता चिखल झालाय. एवढं पाणी येतं कुठून, तेच कळत नाही," ते म्हणाले. मग सवयीने कढईत डोकावले. "हे जरा जास्त शिजलं का?"

काकूंनी चटकन नळ बंद केला. त्यांचे हात तेव्हा नळाखाली होते आणि हातांत सालांची चाळणी होती.

पण एका घरच्या पाण्याने एवढा चिखल होतो होय? दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम रांगेत रेंगाळल्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंची बादली ठिबकत होती. गाण्याच्या बाईंचीही. सगळी इमारत कचरा धूत होती आणि ती वाट काकूंनीच घालून दिली होती. सांगावं तर अब्रू जाणार, न सांगावं तर नवरा कायमचा कढईपाशी.

अब्रू गेलेली परवडली, असं काकूंनी ठरवलं.

सकाळी त्यांनी भरल्या रांगेसमोर बादली उपडी केली. करपलेला भात, चार दिवसांची आंबलेली भाजी, बुरशी आलेला पाव.

"हा आमचा खरा कचरा. रोज धुऊन आणत होते. चुकलं माझं."

मग डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "काकू, तुमचं बघून आम्हीही धुतो."

"मी तर साबणसुद्धा लावते," गाण्याच्या बाई म्हणाल्या.

"कुठला?" तपासनिसांच्या तोंडून निघून गेलं.

सगळे हसले. मग तपासनीस भाताकडे बघत राहिले. "तुझा भात कधी करपत नाही म्हणायचीस ना?"

"तुम्हाला दिसला नाही कधी, एवढंच म्हणत होते. घरोघरी मातीच्या चुली."

मग ढिगात पोतीच्या पोती वाळका पाला घातला, रोज वरखाली केला. तेराव्या दिवशी अध्यक्षांनी आत हात घातला आणि चटकन मागे घेतला. आत चांगलीच ऊब होती आणि वास म्हणाल तर मातीचा.

"राहू दे," ते म्हणाले. गाडीचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तपासनीस धावतच वर आले. "ढीग राहिला! आणि समितीने तुलाही नेमलंय, एकमताने. मी ढीग वरखाली करायचा, बादल्या तू तपासायच्या. कचऱ्यातली लबाडी काकूंशिवाय कोणाला कळणार, म्हणाले. उद्या सातला खाली."

"सात ते अकरा?"

"सात ते अकरा."

काकूंचे चार तास गेले. त्यांना अगदी मनापासून वाईट वाटलं.

"आणि माझं काम कोण तपासणार?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"आणि तुमचं?"

तपासनिसांनी एकदा कढईकडे पाहिलं, एकदा काकूंकडे.

"तू," ते म्हणाले.