धाकूमामांची रविवारची कोळंबी

आता तुम्हीच सांगा, पाच सहली काढून ज्यांना एक मासा मिळाला नाही, त्यांना फिशिंग क्लब कोण म्हणेल? कांदिवलीच्या त्या कॉलेजात स्वरदाला सगळे 'पिकनिक क्लबची सेक्रेटरी' म्हणत. प्राचार्यांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "या रविवारी माशाचा फोटो दाखवा, नाहीतर तुमची खोली कॅरमवाल्यांना." खोली कसली, जिन्याखालची अडगळच ती! पण स्वरदाने ती स्वतः रंगवली होती. भिंतीवर नियमही तिनेच लिहिला होता: मासा धरायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. घरी नेला तर पद गेलं.

म्हणून रविवारी सकाळी आठ जण गोराईच्या खाडीत होडीत बसले. सोबत कोणीतरी मोठं हवं, म्हणून कॉलेजचे शिपाई धाकूमामा. मामांनी जेट्टीवर पाव किलो कोळंबी घेतली होती. घरी रत्नप्रभामामी नारळ खवून वाट बघत होत्या.

स्वरदाने पहाटे उठून कणीक मळली होती, हिंग आणि शेंगदाण्याची पेंड घालून. पवई तलावावरचे गळवाले हेच आमिष लावतात, तिने स्वतः पाहिलं होतं. पण ही खाडी होती ना! दोन तासांत सगळी कणीक पाण्यात गेली आणि एक मासा फिरकला नाही.

"वाट लागली यार," चैतन्य म्हणाला. "चला, कॅरम शिकू."

सगळे हसले. स्वरदाला मात्र रडू फुटलं. तिने तोंड फिरवलं, पण मामांनी पाहिलंच.

"अगे, खाडीतल्या माशाक कणीक कित्याक? तेका कोळंबी होयी."

"मग मामा, आधी का नाही बोललात?"

मामांनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. रविवारचं कालवण होतं त्यात! मग मोठा उसासा टाकून त्यांनी ती तिच्या हातात दिली.

मासे महालबाड. कोळंबी खायचे, गळ सोडून जायचे. पिशवीत शेवटच्या चार उरल्या तेव्हा कुठे स्वरदाची दोरी ताणली. "ओढ, ओढ!" म्हणत सगळे एका बाजूला आले आणि होडी कलंडता कलंडता राहिली. चांगली दीड किलोची तांबोशी! फोटो निघाला, प्राचार्यांना गेलासुद्धा. खोली वाचली.

स्वरदाने मासा सोडायला हात पाण्यावर नेला. मामा रिकामी पिशवी झटकून तिची घडी घालत होते.

तिचा हात थांबला. तिने ती पिशवी मागून घेतली आणि मासा आत घातला.

"मामा, मामींना सांगा, आज कोळंबी जरा मोठी मिळाली."

"ए, नियम मोडलास!" चैतन्य ओरडला. "तुझं पद गेलं!"

"गेलं तर गेलं."

"मग नवी सेक्रेटरी म्हणून आमची स्वरदा!" चैतन्यच म्हणाला. "कोण कोण बाजूने?"

होडीत सात हात वर झाले. आठवा मामांचा. दुसऱ्या हाताने त्यांनी पिशवी घट्ट धरली होती.