न कापलेलं आढं

विजेरी दातांत धरून आयलीने माळ्याच्या चौकटीतून अंग वर ओढलं. छपराचा मिस्त्री ओनी आधीच वर वाकून बसला होता. फळ्यांतून खाली आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकाला वाफ गोठून पांढरी झाली होती. दुपारच्या उबेने आता ती टपटपत होती.

“काकू, हे बघा.” ओनीने आढ्याखालून हात फिरवला. “हवा जायला वर झाकणपट्टी ठोकलीय, पण तिच्याखालच्या फळ्या कापल्याच नाहीत. वाफ जाणार कुठून? नुसता देखावा.”

हे छप्पर नऊ वर्षांपूर्वी तिच्या दिराने, रेनोने घातलं होतं. तेव्हापासून सुपीरियर सरोवरावरून बर्फ आलं की निजायच्या खोलीचं छत काळं पडायचं, आणि तिचा नवरा उर्हो तिच्यावर खापर फोडायचा. तुझं सूप फार उकळतं, तुझे कपडे घरात वाळतात. शेवटी ती गारठलेल्या पडवीत कपडे वाळत घालू लागली. बोटं फुटायची, तरीही.

उर्हो शिडीखाली उभा होता. सगळं ऐकूनही तो काहीच विचारत नव्हता, ते तिला खटकलं. ती खाली उतरली.

“तुला माहीत होतं.”

उर्होने शिडीचा पाय उगाच सरळ केला.

“त्याच हिवाळ्यात सांगितलं त्याने. बर्फ सुरू झालं, घाईत कापायचं राहून गेलं म्हणाला. भाऊ आहे माझा, आयली.”

“त्याला एकदा बोलायला तुझी जीभ रेटली नाही. मला नऊ वर्षं बोललास.”

“आता ओनी कापेल ना. झालं गेलं.”

वरून ओनीने विचारलं, “रेनोनं आणखी कुणाची छपरं घातली?”

आयलीचा हात शिडीवरच राहिला. शेजारच्या हेल्मीचं, त्याच आठवड्यात. तुझ्या तासतासभराच्या आंघोळीने माझं छत कुजलं, म्हणून हेल्मी सुनेला रोज टोचायची. ती सून, जेनी, गेल्याच रविवारी डोळे पुसत आयलीकडे आली होती. तेव्हा आयलीनेच तिला समजावलं होतं : घरातली वाफ बाईच्याच हातात असते, बाळ, जरा जपून वाग.

तिने खुंटीवरचा कोट काढला.

“कुठे निघालीस?” उर्हो म्हणाला. “गावात रेनोची अब्रू जाईल.”

ती बुटांचे बंद बांधत राहिली. अंगणात गुडघाभर बर्फ होतं. उपसलेली वाट सोडून ती सरळ त्यातूनच गेली.

दार जेनीने उघडलं. हात पिठाने माखलेले.

“सासू आहे का घरात?”

“आहेत. बोलावू?”

“बोलाव,” आयली म्हणाली. “तुझी माफी मागायचीय, ती तिच्यादेखत.”