काळीची मान

खर्जमास्तरांकडे एके काळी अकरा बेस गिटारी होत्या. सगळ्या जुन्या, सगळ्या चार तारांच्या, आणि बायकोच्या मते सगळ्या सारख्याच. बँडमध्ये ते खालचे सूर धरायचे, म्हणून हे नाव पडलं. दोन हातांच्या माणसाला अकरा गिटारी कशाला, असं ती नेहमी विचारायची. पण बारा वर्षांपूर्वी त्यांचा डावा हात गेला, आणि एकेक करत दहा गिटारी घराबाहेर पडल्या. उरली एकटी काळी. आज सकाळी तीही जाणार होती, त्यामुळे मास्तर उठल्यापासून चिडलेले होते. आधी चहावर चिडले, मग पंख्यावर, मग पेपरच्या घडीवर.

हात गेला म्हणजे तसा शाबूत होता. स्कूटरवरून पडून मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. ते निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे. मास्तरांनी काळी मांडीवर घेतली तर करंगळी पोचेना. वीस वर्षं डोळे मिटून जिथे बोट पडायचं, तिथे ते पडेना. तालमीत ते एकदा म्हणाले, "गिटारच काहीतरी वेगळी लागतेय."

"नाचता येईना अंगण वाकडं," ड्रमवाला म्हणाला. सगळे हसले. घरी सांगितलं तर बायकोही हसली. मास्तरांनी ते वाक्य पुन्हा तोंडातून काढलं नाही. सहा महिन्यांत बँडने दुसरा माणूस घेतला आणि मास्तरांनी काळी पलंगाखाली सरकवली.

आज काळी विकत घ्यायला आलेला संग्राहक टॉर्च आणि भिंग घेऊन आला होता. त्याने स्क्रू पाहिले, रंगाचे पोपडे पाहिले, आतल्या वायरी पाहिल्या. या वायरी मूळच्याच का, हे त्याने तीनदा विचारलं.

"जरा वाजवून तर बघा," मास्तर शेवटी वैतागून म्हणाले.

"मला वाजवता येत नाही," तो शांतपणे म्हणाला.

मास्तरांनी दात आवळले. मुलगी बघायला यावं आणि फक्त तिचे दाखले तपासून जावं, तशातली ही गत. तोवर त्याने तारा सैल करून मागचे चार स्क्रू काढले आणि गिटारची मान, जिला वाजवणारे नेक म्हणतात, ती धडापासून वेगळी केली. नेकच्या बुडाला कारखान्यातली तारीख पेन्सिलने लिहिलेली होती. ती त्याने भिंगातून वाचली, मग धडावरची वाचली, आणि नकारार्थी डोकं हलवलं.

"ही नेक हिची नाही. दोन वर्षांनंतरची आहे. हिच्यासारखीच दुसरी होती का घरात?"

होती. लाल. त्याच कारखान्याची, दिसायला जुळी बहीण, फक्त मान किंचित जाड. ती मास्तरांनी मेहुण्याला दिली होती.

"जोडी जुळवून ठेवा, मग घेतो," संग्राहक म्हणाला आणि गेला. मास्तर मात्र खुर्चीतून हलले नाहीत. त्यांना जेवणाचं टेबल आठवत होतं. हात प्लास्टरमध्ये, लाल द्यायच्या आधी दोन्ही गिटारी उघडून साफ करायला घेतलेल्या, आणि समोर बसलेला मेहुणा त्यांच्या सांगण्यावरून स्क्रू पिळतोय. "डावीकडची नेक काळीला लाव," असं मास्तरच म्हणाले होते. त्यांची डावी, समोरच्याची उजवी.

तासाभरात ते बायकोला आणि काळीला घेऊन मेहुण्याकडे पोचले. लाल टीव्हीच्या वर टांगलेली होती. बारा वर्षांत तिला फडक्याशिवाय कुणी हात लावला नव्हता.

"भाऊजी, भिंतीवर इतकी शोभतेय," मेहुणा कुरकुरला. "आता कशाला तिची मान मोडायची?"

"तू बोलू नकोस. स्क्रूड्रायव्हर आण. आणि समोर नको, इकडे माझ्या शेजारी बस."

एका बाजूला बसून दोघांनी नेका बदलल्या, तारा ताणल्या. मास्तरांनी काळी मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि जुनी एक चाल धरली. करंगळी गेली ती थेट आपल्या जागी जाऊन बसली. शोधावंही लागलं नाही.

त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना राग आला. ड्रमवाल्याचा आला, मेहुण्याचा आला, स्वतःचा तर सगळ्यात जास्त. ही म्हण ज्याने केली, त्याने अंगण कधी मोजून पाहिलं होतं का? त्यांनी चाल पुढे नेली, आणि चौथ्या वळणावर करंगळी थरथरली, वाकली, तारेवरून घसरली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच घसरली. बारा वर्षं बसून राहिलेला हात आता खरोखरच आखडला होता.

बायको म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतंत, गिटार वेगळी लागतेय म्हणून. मी हसले होते."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. संग्राहक होता, जोडी जुळली का विचारत होता.

"दुरुस्तीला आहे म्हणून सांग," मास्तर म्हणाले आणि बोटं पुन्हा पहिल्या जागेवर ठेवली.

तिने सांगितलं, ऐकलं, आणि फोनवर हात ठेवून विचारलं, "किती दिवस लागतील म्हणतोय."

मास्तरांनी करंगळीकडे पाहिलं.

"बारा वर्षं बिघडलेली आहे म्हणावं. वाट बघू नका."