तीन इंचांपायी गेलेली पाकळी

मी एक फुप्फुस बोलतोय. उजवं. नाक मुरडू नका, तुमच्याही छातीत असलंच लिबलिबीत काहीतरी आहे.

माझी पहिली मालकीण पोहायला शिकवायची. तलावातल्या औषधाच्या वासानं मला जन्मभर मळमळलं, पण बाईनं मला ऐसपैस वाढवलं. एक दिवस ओल्या फरशीवर घसरली, डोकं आपटलं, संपली. नवऱ्यानं रडत अवयवदानाच्या कागदावर सही केली. मी आणि माझा डावा भाऊ बर्फाच्या पेटीत.

नवी मालकीण शिवणकामवाली. तिची स्वतःची फुप्फुसं सुकून चिपाड झालेली, चार पावलांत ओठ निळे. आम्ही कुणाच्या छातीत मावू हे ठरवताना उंची बघतात. तिला उभं राहवत नव्हतं, म्हणून नर्सनं तिच्या आईला विचारलं. आई ठसक्यात म्हणाली, "पाच फूट दोन!" नर्सनं लिहून टाकलं. कागदावर मेळ जमला.

छाती उघडली आणि मला शिसारी आली. आधीच्या भाडेकरूंनी घर सडवून ठेवलेलं. त्यात हे एवढंसं खुराडं! आम्हा दोघांना कोंबलं, पण छाती मिटेना. दाबलं की हृदय घुसमटायचं.

"ही पाच फूट दोन? मोजा हिला!" सर्जन खेकसला.

टेप लावली. चार फूट अकरा.

छाती मिटली नसती तर पोरगी टेबलावरच गेली असती. सर्जननं माझ्या तीन पाकळ्यांतली मधली कापली, बादलीत टाकली. चांगली गुलाबी पाकळी! थू!

बाहेर त्यानं आईला जाब विचारला. ती खाली बघत म्हणाली, "अहो, स्थळांना तेवढीच सांगतो ना आम्ही. जिभेवर बसलंय."

स्थळांना! आणि पोरगी जन्मभर लोकांची मापं घेतेय. किळस येते मला तुम्हा माणसांची.

सहा महिने झाले. शिलाई मशीन परत चालतंय. परवा आई फोनवर कुणाला सांगत होती, "मुलगी कामसू आहे हो, पाच फूट..."

पोरीनं मशीन थांबवलं, तोंडावरचा मास्क ओढला आणि एका दमात ओरडली, "चार फूट अकरा, आई! अन् आत एक पाकळी कमी!"

"हळू गं, ऐकू जाईल ना त्यांना!"

"जाऊ दे!"

तो दम माझा होता. उरलेल्या दोन पाकळ्यांनी मनापासून दिला. तुम्हाला एवढंच सांगतो, मेल्यांनो: कुणी उंची विचारली, तर आधी चपला काढा.